वाक्य, व्यक्ती आणि दिवस : दैनंदिन सुविचाराचा पूर्वेतिहास

१

महाराष्ट्रातील शाळांच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा हे घटक रूढ आहेत. फळ्याच्या माथ्यावर एक वाक्य लिहिले जाते, त्याखाली कोणा थोर व्यक्तीचे नाव असते, आणि त्या दिवशी कोणत्या कलावंताचा वा विचारवंताचा जन्म झाला हे एखादा विद्यार्थी वाचून दाखवतो. वृत्तपत्रातील 'दिनविशेष'चा चौकोन, रोज एक पान फाडायची दिनदर्शिका आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर येणारे सकाळचे संदेश ही याच प्रकाराची भावंडे होत. वाङ्मयसमीक्षेने या प्रकाराची दखल क्वचितच घेतली आहे. सुविचार हा वाङ्मयाचा चुरा आणि दिनविशेष हा चरित्राचा चुरा, अशी एक अव्यक्त समजूत या दुर्लक्षामागे असावी.

परंतु साक्षर समाजातील फार मोठ्या वर्गाचा लेखकाशी येणारा संबंध ग्रंथाच्या मार्गाने येत नाही. तो अशा वाक्याच्या आणि अशा दिवसाच्या मार्गाने येतो. टॉल्स्टॉयची कादंबरी न वाचलेल्या माणसालाही टॉल्स्टॉयचे म्हणून एखादे वाक्य ठाऊक असते. लेखकाची प्रतिष्ठा समाजात कशी घडते आणि टिकते हा समीक्षेच्या कक्षेतला प्रश्न असेल, तर ही प्रतिष्ठा वाहून नेणाऱ्या या सर्वांत लहान आणि सर्वांत व्यापक वाहनाचा इतिहासही त्या कक्षेत येतो.

या इतिहासात दोन निरनिराळ्या स्मरणपद्धती आढळतात. व्यक्तीला वर्षातला एक दिवस नेमून देणे ही पहिली. वाक्याला त्याच्या मूळ जागेवरून उचलून स्वतंत्रपणे जतन करणे ही दुसरी. या दोन्ही पद्धती प्राचीन आहेत आणि दीर्घकाळ त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्या एकत्र आल्या. या संयोगात वाक्याचे काय झाले, व्यक्तीचे काय झाले आणि मुख्य म्हणजे कृतीचे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

व्यक्तीला दिवस नेमून देण्याची प्रथा मुळात मृत्यूशी निगडित होती. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्यांचा स्मरणदिन दुसऱ्या शतकापासून पाळला जाऊ लागला. तो दिवस त्यांच्या मृत्यूचा असे. मात्र त्याला लॅटिनमध्ये 'जन्मदिवस' अशा अर्थाची संज्ञा होती. ऐहिक मरण म्हणजे शाश्वत जीवनातील जन्म, ही कल्पना त्यामागे आहे. चर्चच्या पंचांगात ऐहिक जन्माचा दिवस मोजक्यांनाच मिळाला : येशू, मेरी आणि बाप्तिस्मा देणारा योहान.

वारकरी परंपरेतील व्यवस्था या बाबतीत विलक्षण समांतर आहे. आळंदीचा सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीचा, म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीचा; देहूची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणाची; पैठणची षष्ठी नाथांच्या जलसमाधीची. समर्थ संप्रदायातील दासनवमीही निर्वाणतिथीच आहे. जन्मोत्सव होतो तो रामाचा, कृष्णाचा, दत्ताचा आणि हनुमंताचा. अवताराचा जन्म हीच अर्थपूर्ण घटना असते, कारण त्याचे पूर्णत्व आरंभापासून सिद्ध असते. माणसाचे पूर्णत्व जगण्यातून साधावे लागते, म्हणून त्याचे स्मरण आयुष्याच्या शेवटाला जोडले जाते. 'पुण्यतिथी' हा शब्दच या मूल्यदृष्टीची साक्ष देतो.

हे सूत्र युरोपात प्रथम हेतुपूर्वक मोडले गेले ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर. सिल्व्हँ मारेशाल या लेखकाने १७८८ साली सज्जनांचे पंचांग प्रसिद्ध केले. त्यात संतांची नावे काढून त्यांच्या जागी कवी, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ आणि राजपुरुष यांची नावे घातली होती, आणि ती जन्माच्या वा मृत्यूच्या दिवसाला जोडली होती. पॅरिसच्या पार्लमाँने हे पंचांग जाळण्याचा आदेश दिला आणि मारेशालला काही काळ कैदेत राहावे लागले. त्यात टीकेचे एक वाक्यही असण्याची गरज नव्हती. कोणत्या दिवशी कोणाचे नाव घ्यायचे, हा प्रश्न सत्तेचा आहे, एवढे त्या शिक्षेने सिद्ध केले. पुढे १७९३ साली क्रांतिकारी शासनाने स्वीकारलेल्या पंचांगात माणसांची नावेच टाळली गेली. तेथे दिवसांना वनस्पतींची, प्राण्यांची आणि शेतीच्या अवजारांची नावे मिळाली. ते पंचांग १८०६ च्या आरंभी रद्द झाले.

ऑग्यूस्त कोंत याने १८४९ साली मांडलेले प्रत्यक्षवादी पंचांग हा या प्रवासातला पुढचा टप्पा होय. अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने, वर्षाअखेर सर्व मृतांच्या स्मरणाचा एक जादा दिवस, आणि लीप वर्षात पुण्यशील स्त्रियांच्या स्मरणाचा आणखी एक, अशी त्याची रचना होती. महिन्यांना मोझेस, होमर, अ‍ॅरिस्टॉटल, आर्किमिडीज, सीझर, सेंट पॉल, शार्लमेन, दान्ते, गटेनबर्ग, शेक्सपिअर, देकार्त, फ्रेडरिक आणि बिशा अशी नावे होती. म्हणजे तेरांपैकी तीन महिने कवींच्या नावाचे. पहिल्या महिन्यातील रविवारांत बुद्ध, कन्फ्यूशियस आणि मुहंमद यांना स्थान होते. त्याच महिन्यात एक दिवस मनूचाही होता. येशू आणि ल्यूथर यांना मात्र दिवस मिळाला नाही. फ्रेडरिक हॅरिसन याने १८९२ साली या पंचांगातील ५५८ व्यक्तींची चरित्रे इंग्रजीत एका ग्रंथात संपादित केली.

कोंतच्या योजनेत एक गोष्ट विशेष आहे. त्यातील दिवसांचा त्या त्या व्यक्तीच्या जन्माशी वा मृत्यूशी संबंध नाही. होमरचा जन्म केव्हा झाला हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. प्रत्येक नाव मानवी संस्कृतीच्या विकासक्रमात जेथे बसते तेथे ते बसवले आहे. वर्ष ओलांडणे म्हणजे मानवजातीचा इतिहास क्रमाने वाचणे, असा हा आराखडा आहे. एका अर्थाने ते एक वाङ्मयेतिहासाचे आणि संस्कृतीच्या इतिहासाचे पुस्तकच होय. त्याची पाने म्हणजे दिवस. आजच्या दिनविशेषात हा क्रम नाहीसा झाला आहे. एकाच तारखेला जन्मलेले संगीतकार, गणिती आणि नट शेजारी येतात ते केवळ योगायोगाने. कोंतच्या दिवसाला अर्थ होता तो इतिहासाच्या एका सिद्धान्तामुळे. आजच्या दिवसाला अर्थ देणारी गोष्ट म्हणजे नोंदवहीतील एक तारीख.

३

ही तारीख दिसते तितकी निर्विवाद नसते. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ एप्रिल १५६४ ची आहे. जन्माची नोंद नाही. २३ एप्रिल हा जन्मदिवस परंपरेने ठरवला, आणि १६१६ साली त्याच तारखेला झालेल्या त्याच्या मृत्यूने त्या परंपरेला एक आकर्षक सममिती दिली. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन ठरवताना शेक्सपिअर आणि सर्व्हांतिस यांच्या एकाच तारखेच्या मृत्यूचा दाखला दिला. वस्तुतः त्या काळी स्पेनमध्ये ग्रेगरीचे आणि इंग्लंडमध्ये जुने ज्युलियन पंचांग चालू होते. तारीख एक असली तरी दिवसांमध्ये दहाचे अंतर होते. शिवाय सर्व्हांतिसचा मृत्यू २२ एप्रिलचा आणि दफन २३ एप्रिलचे, असे मानले जाते. न्यूटनचा जन्म जुन्या पंचांगाने १६४२ च्या नाताळातला आणि नव्या पंचांगाने ४ जानेवारी १६४३ चा.

मराठी समाजाला हा प्रश्न परका नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया यांच्यामध्ये दीर्घकाळ चालला. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने दुसऱ्या तिथीला आधार दिला, आणि महाराष्ट्र शासन आज १९ फेब्रुवारी ही तारीख धरते. तरीही तारीख की तिथी हा प्रश्न उरलाच आहे, आणि ही तारीखही ज्युलियन गणनेची आहे. जन्मदिवस हा निसर्गाने दिलेला नसतो. तो कागदपत्रांतून, गणिताने आणि काही वेळा सार्वजनिक संघर्षाने सिद्ध करावा लागतो.

म्हणून पुण्यतिथीकडून जयंतीकडे झालेला प्रवास हा केवळ पाश्चात्त्य वाढदिवसाचा अनुकार मानता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती १९२८ साली पुण्यात सार्वजनिकरीत्या साजरी झाली तेव्हा ते हयात होते आणि त्यांचे वय सदतीस होते. ज्यांच्या जन्मामुळेच त्यांच्यावर हीनत्व लादले गेले, त्या समाजाने आपल्या नेत्याचा जन्म हाच उत्सवाचा विषय करावा, यात मूल्यांची उलथापालथ आहे. अवतारांसाठी राखून ठेवलेला सोहळा एका माणसाला दिला गेला, आणि तो माणूस या सोहळ्यामागील जन्मश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचाच विरोधक होता. महात्मा फुले यांची ११ एप्रिल, सावित्रीबाईंची ३ जानेवारी आणि शाहू महाराजांची २६ जून या तारखांनी मिळून पारंपरिक पंचांगाशेजारी एक प्रतिपंचांग उभे केले आहे. मारेशालने कागदावर जे करू पाहिले आणि त्यासाठी जो कैदेत गेला, ते येथे रस्त्यावर घडले. दिनविशेषाला क्षुल्लक ठरवणाऱ्या अभिजनदृष्टीला ही बाजू दिसत नाही.

४

वाक्याचा इतिहास याहून निराळा आहे. संस्कृत सुभाषितसंग्रहांत, उदाहरणार्थ सुमारे ११०० मधील विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'त किंवा १३६३ च्या 'शार्ङ्गधरपद्धती'त, श्लोकांची मांडणी विषयवार आहे. काही श्लोकांखाली कवीचे नाव येते, पुष्कळांखाली येत नाही. आणि संकलकाला मूळ कर्ता ठाऊक नसेल तर 'कोणाचे तरी' अशा अर्थाचा 'कस्यापि' हा निर्देश पुरेसा होतो. सुभाषिताची सत्ता त्याच्या घडणीत असते. ते नेमके, डौलदार आणि पाठांतरसुलभ आहे म्हणून टिकते. कोण बोलला हा त्याच्या अर्थाचा भाग नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काशीनाथ पांडुरंग परब यांचे 'सुभाषितरत्नभाण्डागारम्' प्रसिद्ध केले, तेव्हाही विषयवारीची हीच चौकट कायम राहिली.

युरोपात इरॅस्मसने १५०० साली सुमारे आठशे प्राचीन वचनांचा संग्रह छापला. त्याच्या हयातीतील १५३६ च्या अखेरच्या आवृत्तीत ही संख्या चार हजारांवर गेली. इरॅस्मसचे वचन एकटे उभे राहत नाही. त्याखाली त्याचा उगम, त्याचे निरनिराळे उपयोग आणि कधीकधी पानेच्या पाने चालणारा निबंध येतो. त्या काळातील विद्यार्थी वाचता वाचता विषयवार वहीत वाक्ये उतरवून घेत, ती स्वतःच्या लेखनात वापरण्यासाठी. वाक्य हे तेथे कच्चा माल होते. ते उतरवणारा पुढे काही लिहिणार आहे, हे गृहीत होते.

वाक्याला दिवस मिळाला तो धर्माच्या क्षेत्रात. जर्मनीतील हेर्नहूटच्या मोरेव्हियन बंधुसमाजाने १७३१ सालापासून वर्षातील प्रत्येक दिवसासाठी बायबलातील एकेक वचन छापायला सुरुवात केली. ती परंपरा आजही चालू आहे. ही वचने चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. त्यामुळे आजचे वचन आजच का, याचे उत्तर ईश्वरी योजनेत शोधायचे असते. दैनंदिन वाक्याला आजही जो एक शकुनाचा स्पर्श असतो, वाचणाऱ्याला ते आपल्यासाठीच आले असे जे वाटते, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरा बदल मांडणीतला. अमेरिकेतील केंब्रिजचा ग्रंथविक्रेता जॉन बार्टलेट याने १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या अवतरणकोशात विषयवार मांडणी सोडून लेखकवार मांडणी स्वीकारली. म्हणजे वाक्याचे घर आता विषय राहिला नाही. लेखकाचे नाव हे त्याचे घर झाले. लेखकाची अनन्य प्रतिभा आणि त्याची मालकी या स्वच्छंदतावादी कल्पनांचा हा कोशरचनेवर पडलेला ठसा म्हणता येईल. सुभाषिताला कर्ता नसला तरी चालत होते. अवतरणाला कर्ता अपरिहार्य झाला.

५

या दोन प्रवाहांची गाठ व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये पडली. १८७० च्या दशकात तेथे 'वाढदिवसाची वही' हा प्रकार अतिशय लोकप्रिय झाला. प्रत्येक तारखेला एखाद्या कवीची एक-दोन अवतरणे आणि त्यासमोर कोरी जागा, अशी त्याची रचना असे. त्या जागेत त्या तारखेला जन्मलेल्या आप्तमित्रांनी सही करायची. शेक्सपिअरची अशी वही निघाली, टेनिसनची निघाली. यातील वाढदिवस कवीचा नव्हता, वाचणाऱ्याच्या परिचितांचा होता. कवीचे वाक्य आणि मैत्रिणीची सही एकाच पानावर आली, आणि वाङ्मय घरगुती स्नेहव्यवहाराचे साहित्य बनले.

जॉर्ज इलियट या कादंबरीकर्तीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अलेक्झांडर मेन या तिच्या निस्सीम चाहत्याने तिच्या साहित्यातील सुवचनांचा संग्रह केला आणि ब्लॅकवुड या तिच्याच प्रकाशकाने तो १८७१ च्या अखेरीस काढला. 'मिडलमार्च'चे भाग त्याच सुमारास प्रसिद्ध होऊ लागले होते. पुढे १८७८ साली तिच्या नावाची वाढदिवसाची वहीही निघाली. इलियटने या उपक्रमांना संमती दिली. तथापि १८७३ साली प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तिने आपली अस्वस्थता स्पष्ट केली. आपल्या कृती अखंडपणे वाचकावर जो परिणाम करतात त्यापेक्षा वेचक उताऱ्यांचा परिणाम अधिक होत असेल, तर आपले लेखनच चुकले असे म्हणावे लागेल, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. आणि तरीही 'मिडलमार्च'च्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तिने वचने दिली आहेत, त्यांतील अनेक तिने स्वतःच रचलेली आहेत. सुवचनाचा मोह आणि सुवचनाची भीती एकाच लेखिकेत एकाच वेळी नांदत होती.

इलियटची भीती निराधार नव्हती. कादंबरीतील वा नाटकातील वाक्य कोणीतरी, कोणाला तरी, एका विशिष्ट प्रसंगी उद्देशून बोलत असते. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस मुलाला जो उपदेश करतो तो शेक्सपिअरचे शहाणपण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला जातो. नाटकात तो एका चोंबड्या, आत्मसंतुष्ट दरबाऱ्याच्या तोंडी आहे, आणि पुढच्याच अंकात हा उपदेशक मुलावर पाळत ठेवण्यासाठी माणूस धाडतो. वाक्य उचलले की हा उपरोध मागे राहतो. नाटककाराने पात्राला दिलेला आवाज नाटककाराच्या नावावर जमा होतो.

मराठीत याचे ठळक उदाहरण वि. स. खांडेकरांचे आहे. त्यांच्या कादंबऱ्यांतील सुभाषितवजा वाक्ये वाचक वह्यांमध्ये उतरवून घेत, आणि समीक्षक याच वाक्यांसाठी त्यांना दोष देत. हे दोन प्रतिसाद परस्परविरोधी वाटतात. पण दोहोंच्या मुळाशी एकच कृती आहे. वाचक आणि समीक्षक दोघेही वाक्य निवेदकापासून सोडवून लेखकाकडे सोपवतात. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या परीने कथा सांगतात. भोगाने पोखरलेला राजा जेव्हा जीवनाविषयी एखादे भारदस्त विधान करतो, तेव्हा ते विधान त्याच्या आत्मवंचनेचा भाग आहे की पश्चात्तापाचा, हे कादंबरीतील स्थानावरून ठरते. फळ्यावर गेल्यावर ते खांडेकरांचे निखळ मत होते. खांडेकरांच्या शैलीनेही या स्थलांतराला वाट करून दिली, हे मान्य करावे लागेल. परंतु वाट असणे आणि त्या वाटेने जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६

दैनंदिन वाक्याच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रयोग लिओ टॉल्स्टॉयचा आहे, आणि त्याच्या साहित्यविचाराशी त्याचा सांधा फारसा जोडला गेलेला नाही. एपिक्टेटस, मार्कस ऑरेलियस, लाओत्झे, बुद्ध, पास्कल आणि शुभवर्तमान यांचे एक वाचनवर्तुळ स्वतःसाठी आखावे आणि ते सर्वांनाच उपयोगी पडेल, असा विचार त्याने मार्च १८८४ मधील रोजनिशीत नोंदवला होता. त्याच वर्षी त्याच्या प्रेरणेने 'पोस्रेद्‌निक' ही सामान्य रशियन वाचकांसाठी स्वस्त पुस्तिका काढणारी प्रकाशनसंस्था सुरू झाली. १९०३ च्या आरंभी तो गंभीर आजारी असताना भिंतीवरच्या कॅलेंडरातील रोजची वचने वाचत असे. त्यातून स्वतःच असे संकलन करण्याची कल्पना पक्की झाली. त्याच वर्षी थोरांच्या विचारांचा पहिला दैनंदिन संग्रह निघाला. त्याचा विस्तार म्हणजे १९०४ ते १९०६ या काळात तयार झालेला 'वाचनवर्तुळ' हा ग्रंथ. अखेरच्या वर्षांत त्याने त्याची आणखी रूपे तयार केली; १९१० साली मृत्यूपूर्वी तो 'जीवनमार्ग' या शेवटच्या संकलनावर काम करत होता.

'युद्ध आणि शांती' लिहिणाऱ्या लेखकाने आयुष्याची शेवटची वर्षे कॅलेंडर रचण्यात घालवावी, याला वार्धक्यातील धर्मवेड म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण १८९७-९८ मधील 'कला म्हणजे काय?' या त्याच्या प्रबंधाशी हे काम सुसंगत आहे. कला म्हणजे भावनेचे संक्रमण. ती सर्वांना कळावी आणि माणसांना एकत्र आणावी, हा त्याचा निकष होता. त्या निकषावर त्याने स्वतःच्या कथात्म साहित्यातील दोन कथा सोडून बाकी सारे नाकारले. ज्या काळात तो वचने वेचत होता त्याच काळात, १९०३-०४ मध्ये, त्याने शेक्सपिअरवरील आपला कठोर हल्लाही लिहिला. प्रतिभावंताचा पंथ त्याला अमान्य होता. वाक्य सर्वांचे व्हावे यासाठी त्याला कॅलेंडर हवे होते. लोकांना दररोज लागणारी वस्तू म्हणजे कॅलेंडर, आणि साहित्याने तीच जागा घ्यावी, हा त्यामागचा विचार दिसतो.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने आपली पद्धत सांगितली आहे. परभाषांतील वचने त्याने काही वेळा मुळाबरहुकूम अनुवादली नाहीत. ती संक्षिप्त केली, शब्द बदलले, क्वचित पूर्णपणे आपल्या शब्दांत मांडली. कोणाला या पुस्तकाचा अनुवाद करायचा असेल तर त्याने कांट, रूसो वा कोलरिज यांची मूळ वाक्ये शोधत बसू नये, आपल्या रशियन मजकुरावरूनच अनुवाद करावा, असा त्याचा सल्ला आहे. ज्या वचनांखाली नाव नाही ती एकतर अज्ञातांची आहेत किंवा त्याची स्वतःची. म्हणजे पृष्ठावर कांटचे नाव आहे आणि शब्द टॉल्स्टॉयचे आहेत. जेथे टॉल्स्टॉयचे विचार आहेत तेथे नावच नाही.

ही पद्धत पाठचिकित्सेच्या दृष्टीने अक्षम्य वाटेल. पण सुभाषिताच्या जुन्या व्यवहाराकडे परतण्याचा हा प्रयत्न आहे. टॉल्स्टॉयला 'कस्यापि' हा निर्देश पुन्हा प्रस्थापित करायचा होता. तो पूर्णांशाने करता आला नाही, कारण १९०४ सालचा वाचक नावाशिवाय वाक्य स्वीकारण्यास तयार नव्हता, आणि टॉल्स्टॉयलाही निरनिराळ्या देशांतील, धर्मांतील शहाण्यांचे एकमत दाखवण्यासाठी त्या नावांची गरज होती. त्यामुळे नावे राहिली आणि शब्द बदलले. आजच्या सुविचारव्यवहारात वाक्य आणि नाव यांची जी मनमानी जुळणी आढळते, तिचे एक प्रामाणिक आणि सविचार पूर्वरूप येथे दिसते. फरक एवढाच की टॉल्स्टॉयने आपण काय केले ते प्रस्तावनेत नोंदवले.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. 'वाचनवर्तुळा'त रोजच्या वचनांबरोबर प्रत्येक आठवड्यासाठी एक दीर्घ वाचन आहे. तेथे कथा येतात; टॉल्स्टॉयने काही कथा या पुस्तकासाठी मुद्दाम लिहिल्या. चेखोव्हची 'लाडकी' ही कथाही त्याने त्यात घेतली आणि तिला आपले टिपण जोडले. चेखोव्हने आपल्या नायिकेचा उपहास करायला घेतले, पण कवी म्हणून त्याने तिला उंच नेऊन ठेवले, असा त्याचा युक्तिवाद आहे. लेखकाचा हेतू आणि कृतीचा अर्थ यांतील अंतराविषयीचे हे मार्मिक समीक्षालेखन एका कॅलेंडरात आले, ही घटना दुर्लक्षिण्याजोगी नाही. दैनंदिन वाक्य स्वयंपूर्ण नाही, त्याला आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कृतीचा आधार लागतो, हे टॉल्स्टॉयमधील कलावंताने ओळखले होते.

याच लेखकाच्या ऐंशीव्या वाढदिवसाची तयारी १९०८ साली रशियाभर सुरू झाली तेव्हा त्याने ती थांबवण्याची विनंती केली. दुसरीकडे धर्मसभेनेही श्रद्धावंतांना या समारंभापासून दूर राहण्यास सांगितले. दोघांचेही कोणी फारसे ऐकले नाही. जुन्या गणनेने २८ ऑगस्टचा त्याचा जन्मदिवस आज ९ सप्टेंबरला दिनविशेषात येतो, आणि त्याखाली त्याचे म्हणून एक वाक्य असते. बरेचदा ते त्याच्या एखाद्या पात्राचे असते.

७

मराठी जीवनात दैनंदिन वाचनाची स्वतंत्र परंपरा आहे. हरिपाठ, मनाचे श्लोक किंवा दासबोधाचे नित्यवाचन यांत मजकूर रोज तोच राहतो किंवा क्रमाने पुढे सरकतो. तारखेप्रमाणे बदलत नाही. गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांचे घरोघरी वाचले जाणारे पुस्तक मात्र १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशा क्रमाने लावलेले आहे. नामस्मरणाचा उपदेश इंग्रजी तारखांच्या चौकटीत बसवला गेला, आणि भाविकांना त्यात विसंगती वाटली नाही. कचेरी, शाळा आणि पगार ज्या पंचांगाने चालतात, त्याच पंचांगात परमार्थालाही जागा शोधावी लागली. तरीही या पुस्तकातील रोजचे पान म्हणजे एक छोटे प्रवचन असते. त्यात प्रश्न, दृष्टान्त आणि उत्तर यांना वाव असतो.

फळ्यावरील सुविचाराला हा वाव नाही. तो एका ओळीत मावला पाहिजे, त्याने कोणाला दुखावता कामा नये आणि तो कोणत्याही दिवशी चालला पाहिजे. या तीन अटींमुळे निवडीची एक मूक चाळणी तयार होते. फुल्यांचे शिक्षणमहत्त्वाचे वचन तीतून सुटते. धर्मग्रंथांची त्यांनी केलेली झाडाझडती सुटत नाही. आंबेडकरांचे वाचनप्रेम सुटते. जातिसंस्थेच्या धार्मिक अधिष्ठानावरचा त्यांचा युक्तिवाद अडकतो. जयंतीने जो विचारवंत पंचांगात आणला, त्याला सुविचार निरुपद्रवी करून टाकतो. वाक्य आणि दिवस यांच्या संयोगातील हा खरा ताण आहे.

एका ओळीतही किती बदल होऊ शकतो हे डॉ. आंबेडकरांच्या सुप्रसिद्ध त्रिसूत्रीवरून दिसते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद आणि जुलै १९४२ मधील नागपूरच्या परिषदेतील इंग्रजी भाषण यांत शिक्षण, चळवळ आणि संघटन असा क्रम आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील सोशल डेमॉक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेनेही हेच ब्रीद वापरले होते. मराठीत मात्र 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा क्रम अधिक रूढ झाला. आधी संघटना आणि मग संघर्ष, की संघर्षातूनच संघटना, हा राजकीय विचारातला मूलभूत प्रश्न आहे. तीन शब्दांच्या क्रमावर तो अवलंबून आहे, आणि या क्रमावर गेली काही दशके वादही होत आले आहेत. हे वाद हट्टाचे नाहीत. सुविचाराला पुन्हा विचार बनवण्याची ती धडपड आहे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी पुस्तक हाती घ्यावे अशी अपेक्षा असते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. अशा दिवशी फळ्यावर वाक्य लिहून कार्यक्रम आटोपता येतो, किंवा एखादी कविता पूर्ण वाचून तिच्यावर बोलताही येते. दिवस दोन्ही गोष्टींना सारखीच मुभा देतो.

संत कवींनी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा ठेवली. ती मुद्रा अभंगाचाच भाग असते. 'तुका म्हणे' हे शब्द काढले तर चरण मोडतो आणि बोलणारा नाहीसा होतो. सुविचाराखालचे नाव असे आतून आलेले नसते, ते बाहेरून चिकटवलेले असते, आणि म्हणून ते बदलता येते, खोटेही ठरू शकते. दैनंदिन वाक्याविषयी समीक्षेने करण्याजोगे काम यातूनच स्पष्ट होते. या व्यवहाराचा उपहास करून तो थांबणार नाही. मारेशालपासून परिपाठापर्यंतचा इतिहास पाहता तो थांबावा असेही म्हणता येणार नाही. प्रत्येक वाक्यापाशी तीन साधे प्रश्न उभे करणे मात्र शक्य आहे : हे कोण बोलले, कोणाला उद्देशून बोलले, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे वाक्य कोणते होते? हे प्रश्न विचारण्याची सवय परिपाठातच लागली, तर फळ्यावरील वाक्य हे पुस्तकाकडे जाणारी वाट ठरेल. ती लागली नाही, तर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस थोरांच्या नावांनी भरलेले राहतील आणि त्यांच्या कृती न वाचताच आदरणीय ठरतील.